ओरेगॉनच्या वाटेवरचे कागद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिसूरी नदीच्या काठावरून अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांची कथा आपण बहुतेकांनी सिनेमात पाहिली आहे. गाड्यांचे रिंगण, घोड्यांवरून चालून येणारे आदिवासी आणि बंदुकांचा धूर हे चित्र डोक्यात इतके पक्के बसले आहे, की त्या गाड्यांबरोबर खरोखर चाललेल्या माणसांनी काय लिहून ठेवले आहे, हे कोणी सहसा विचारत नाही. त्यांनी लिहिले मात्र भरपूर. प्लॅट नदीच्या काठाने जाणाऱ्या मुख्य वाटेवरील लेखनाची सूची मेरिल मॅट्स या संशोधकाने 1988 मध्ये प्रसिद्ध केली. तीत दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. शेतकऱ्यांच्या, त्यांच्या बायकांच्या आणि शाळकरी मुलींच्या हातचे इतके लेखन एका स्थलांतराबद्दल उपलब्ध असणे दुर्मीळच म्हणावे लागेल.

हे लेखन एका जातीचे नाही. वाटेवरून धाडलेली पत्रे आहेत, मुक्कामावर लिहिलेल्या रोजनिशा आहेत आणि तीस, चाळीस, पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणीही आहेत. तिन्ही प्रकार एकाच थैलीत घालून ‘आद्य वसाहतकऱ्यांच्या आठवणी’ म्हणून वाचले, की फसगत होते. प्रवास आणि लेखन यांच्यात किती काळ गेला, यावर त्यात काय टिकले आणि काय गळले हे ठरते. म्हणून प्रत्येक कागद वाचताना आधी दोन प्रश्न विचारावेत: हा केव्हा लिहिला आणि कोणासाठी लिहिला?

वाट आणि गाडी

इंडिपेंडन्स, सेंट जोसेफ, काउन्सिल ब्लफ्स ही निघण्याची ठाणी. तिथून ओरेगॉनमधील विलामेट खोरे सुमारे 2,000 मैलांवर, म्हणजे 3,200 किलोमीटरवर. एप्रिलअखेरीस किंवा मे महिन्यात, बैलांना पुरेसे गवत उगवले की निघायचे आणि बर्फ पडण्याआधी शेवटची डोंगररांग ओलांडायची. दिवसाची मजल पंधरा मैलांच्या आसपास. त्या हिशेबाने चार ते सहा महिने लागत. पहिला छोटा तांडा 1841 मध्ये निघाला. 1843 मध्ये सुमारे 1,000 माणसे ओरेगॉनकडे गेली. जानेवारी 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. 1852 या एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक लोकांनी ही वाट तुडवली. 1840 ते 1860 या वीस वर्षांचा अंदाज सुमारे तीन लाखांचा आहे. 10 मे 1869 रोजी पूर्व-पश्चिम रेल्वेचे रूळ जोडले गेले आणि बैलगाडीची सद्दी संपत गेली.

गाडी म्हणजे शेतातलीच मजबूत गाडी. साधारण दहा फूट लांब, चार फूट रुंद साटा, लोखंडी धावा आणि लाकडी कमानींवर ताणलेले, पाणी आत येऊ नये म्हणून तेल चोळलेले जाड कापड. गाडीत संसार भरलेला असल्यामुळे बसायला जागा नसे. लहान मुले, आजारी आणि म्हातारी माणसे सोडली तर बाकीचे बहुतेक अंतर पायी चालत. लॅन्सफर्ड हेस्टिंग्जच्या 1845 च्या मार्गदर्शक पुस्तकात माणशी किमान 200 पौंड पीठ, 150 पौंड खारवलेले डुकराचे मांस, 20 पौंड साखर आणि 10 पौंड कॉफी घ्यायला सांगितले आहे. याच पुस्तकात एका जवळच्या वाटेचीही शिफारस होती. ती वाट पुस्तक छापले तेव्हा खुद्द लेखकाने पाहिलेली नव्हती. पुढच्याच वर्षी तिने कितीतरी जणांचे प्राण घेतले.

एवढी पायपीट लोकांनी का पत्करली? 1837 च्या आर्थिक मंदीने शेतमालाचे भाव पाडले होते, मिसिसिपीच्या खोऱ्यात हिवताप पाठ सोडत नव्हता आणि पश्चिमेला जमीन होती. ओरेगॉनमध्ये जमीन देण्यासाठी 1850 मध्ये झालेल्या कायद्याने आधीच वस्ती केलेल्या गोऱ्या जोडप्याला 640 एकर जमीन मिळू लागली आणि त्यातली निम्मी पत्नीच्या स्वतःच्या नावावर होत असे. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांशी सगळे करारमदार पुरे होण्याची वाट मात्र कोणी पाहिली नाही.

पत्रे: बोलावणे आणि इशारा

पत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते वाचणारा माणूस असतो. 1836 मध्ये नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग या दोन मिशनरी स्त्रिया साउथ पास ही खिंड ओलांडून पलीकडे गेल्या. त्यांच्याआधी कोणी गोरी स्त्री त्या वाटेने गेली नव्हती. नार्सिसाची माहेरी धाडलेली पत्रे आनंदी आहेत. झाडे संपल्यावर गव्यांच्या वाळलेल्या रानशेण्यांवर स्वयंपाक करावा लागतो, हे ऐकून धाकटी बहीण नाक मुरडेल, असे ती थट्टेने लिहिते. स्त्रियांना हा प्रवास झेपतो, हा भरवसा अशा पत्रांमधून घराघरांत पोहोचला. गावाकडची वर्तमानपत्रे अशी पत्रे छापत आणि ती वाचून पुढच्या वसंतात आणखी गाड्या निघत.

टॅमसेन डॉनर या शिक्षिकेने जून 1846 मध्ये प्लॅटच्या काठावरून इलिनॉयला पत्र धाडले. आतापर्यंत झाले त्याहून वाईट काही घडले नाही, तर खरा त्रास निघतानाचाच होता म्हणायचा, असा तिचा सूर आहे. हे पत्र स्प्रिंगफील्डच्या वर्तमानपत्रात छापून आले. हेस्टिंग्जच्या जवळच्या वाटेने टॅमसेनच्या, म्हणजे डॉनर, तांड्याचे कित्येक आठवडे खाल्ले आणि ऑक्टोबरअखेर सिएरा नेवाडाच्या बर्फाने घाट बंद केला. तांड्यातल्या 87 माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावली. त्यांत टॅमसेनही होती.

याच तांड्यातली व्हर्जिनिया रीड वाटेवर असताना तेरा वर्षांची झाली. सुटका झाल्यावर मे 1847 मध्ये तिने मामेबहिणीला पत्र लिहिले. शुद्धलेखनाचा पत्ता नाही, वाक्ये एकमेकांत घुसलेली. पण चालणे, थंडी, भूक आणि जनावरांची कातडी उकळून खाणे, सगळे त्यात जसेच्या तसे आहे. माणसाचे मांस खावे न लागलेले आमचेच एक कुटुंब, हेही ती सांगते. शेवटी सल्ला देते: कधी आडवाट धरू नका आणि होईल तेवढी घाई करा. पत्राच्या मूळ प्रतीवर तिच्या सावत्र वडिलांच्या हातच्या दुरुस्त्या आहेत आणि वर्तमानपत्राने छापताना ते आणखी सफाईदार केले. म्हणजे अनुभव घेऊन वर्षही उलटले नव्हते, तोच त्याला इस्त्री फिरवणे सुरू झाले होते.

रोजनिशा: तळावरच्या ओळी

रोजनिशीच्या लेखकाला पुढच्या वळणावर काय आहे ते माहीत नसते. यातच तिचे खरे मोल आहे. डॉनर तांड्यातल्या पॅट्रिक ब्रीनने नोव्हेंबर 1846 ते मार्च 1847 या काळात बर्फात अडकलेल्या झोपडीत रोजनिशी लिहिली. वारा कुठला, बर्फ किती, सरपण मिळाले का, कोण गेले, एवढेच तो नोंदवतो. नरमांसाचा उल्लेख येतो तोही त्याच निर्विकार हाताने. घटनेचा अर्थ लावायला त्याच्यापाशी बळ उरले नव्हते. म्हणूनच त्याच्या नोंदी इतक्या विश्वसनीय वाटतात.

ब्रीनवर आली तशी वेळ विरळा. नेहमीचा प्रवास पाहायचा असेल तर अमेलिया स्टुअर्ट नाइटची 1853 ची रोजनिशी वाचावी. नवरा आणि सात मुले घेऊन ती एप्रिलमध्ये आयोवातून निघाली. पाऊस, चिखल, ओले अंथरूण, दुखणाईत मुले, मेलेला बैल आणि नदीला उतार सापडेना म्हणून वाया गेलेला दिवस अशा तिच्या नोंदी आहेत. ऑगस्टमध्ये एके सकाळी तांडा निघाला आणि मुलगी ल्यूसी मागेच राहिली. कित्येक मैल गेल्यावरही कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. मागून येणाऱ्या दुसऱ्या तांड्याबरोबर ती सुखरूप परत आली. नाइटबाईंनी हे चार ओळींत लिहिले आणि दुसऱ्या दिवशीची नोंद सुरू केली. ही रोजनिशी वाचताना एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत कळत नाही. बाई संपूर्ण प्रवासात गरोदर होत्या. अखेरच्या नोंदींत वाटेच्या कडेला आठवे मूल जन्मते, तेव्हा कुठे ते उघड होते. मग काही दिवसांनी होड्यांतून कोलंबिया नदी पार करून नवरा दोन जोड बैलांच्या बदल्यात जमीन, अर्ध्या एकरातले बटाटे आणि बिनखिडकीची एक लाकडी खोपी मिळवतो, आणि रोजनिशी संपते.

तळावर लिहिणाऱ्यांनीही गाळले ते असे: बाळंतपण, विटाळ, शरीराचे हाल. त्या काळच्या कुलीन संकोचाने या गोष्टी कागदाबाहेर ठेवल्या. पॅटी सेशन्स ही सुईण याला काहीसा अपवाद. मॉर्मन पंथाच्या लोकांना 1846 मध्ये इलिनॉयमधले नॉवू शहर सोडावे लागले. त्यांच्याबरोबर निघालेल्या पॅटीबाई 1847 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, स्वतः गाडी हाकत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचल्या. वाटेत कोणाच्या तळावर, कसल्या हवामानात, कोणते मूल जन्मले हे त्या नित्यनेमाने टिपत गेल्या.

मरणाबद्दल मात्र कोणी संकोच केला नाही. 1849 ते 1852 या वर्षांत प्लॅटच्या काठाने पटकीचे थैमान चालले होते. बंगालमधून जगभर पसरलेली ही साथ जहाजांनी न्यू ऑर्लिन्सला आणि नदीतल्या आगबोटींनी मिसूरीपर्यंत पोहोचली होती. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत मरत होता. 1852 मध्ये इलिनॉयहून निघालेल्या जॉन टकर स्कॉट यांनी रोजनिशी लिहिण्याचे काम सतरा वर्षांच्या अ‍ॅबिगेल या मुलीकडे सोपवले. ती वाटेवरच्या कबरी मोजत राहिली आणि जूनमध्ये तिच्या आईची कबर त्यांत मिळाली. पुढे धाकटा भाऊही गेला. कोल्ह्यालांडग्यांनी उकरू नये म्हणून काही मुडदे भर रस्त्यात पुरून त्यावरून गाड्या नेल्या जात, हेही अशा रोजनिशांवरूनच आपल्याला कळते.

बायकांच्या मनात काय चालले होते, हेही मधूनच झळकते. 1847 मध्ये ओरेगॉनला निघालेल्या एलिझाबेथ स्मिथ यांनी एका सहप्रवासिनीची हकीकत टिपली आहे. ती बाई एके सकाळी पुढे यायला साफ नकार देते, मुलांनाही गाडीत चढू देत नाही, आणि शेवटी नवऱ्याच्या एका गाडीलाच आग लावते. केतुरा बेलनॅप यांच्या 1848 च्या लेखनातही शेजारच्या गाडीतल्या नवरा-बायकोचे भांडण आहे. बायकोला परत फिरायचे आहे, नवरा ऐकत नाही. निघण्याचा निर्णय बहुतेक घरांत पुरुषाचा होता आणि त्याची किंमत कोणकोण मोजत होते, हे अशा दोन-चार नोंदींतून दिसते.

आठवणी: काळाने घातलेली भर

तिसरा प्रकार आठवणींचा आणि त्यांचे प्रमाण मोठे आहे. 1873 मध्ये ओरेगॉन पायोनियर असोसिएशन स्थापन झाली. तिचे दरसाल मेळावे भरत, भाषणे होत आणि ती छापली जात. कॅलिफोर्नियात ह्युबर्ट बॅन्क्रॉफ्ट यांनी जुन्या लोकांना बोलते करून त्यांच्या कहाण्या उतरवून घेतल्या. हे काम झाले नसते तर कितीतरी जणांचा मागमूसही राहिला नसता. पण मेळाव्यात बोलणारा माणूस आता प्रदेशाचा संस्थापक झालेला असतो. सोसलेल्या हालांना हेतू मिळतो, नेमका प्रसंग पराक्रमाचे रूप घेतो आणि रोजनिशांमध्ये तुरळक असलेले आदिवासींचे हल्ले अशा कथनांत वारंवार येऊ लागतात.

व्हर्जिनिया रीड पुन्हा याच टप्प्यावर भेटते. 1891 मध्ये, विवाहित आणि प्रौढ असताना, तिने ‘सेंच्युरी’ मासिकात डॉनर तांड्याच्या आठवणी लिहिल्या. आता भाषा घडीव आहे आणि प्रसंगांना नाट्य आहे. कुटुंबाच्या दुमजली गाडीचे ‘पायोनियर पॅलेस कार’ हे भपकेदार नाव वाचकांच्या ओळखीचे झाले ते या लेखामुळे. पत्रातली मुलगी भूक सांगत होती, लेखातल्या बाई इतिहास सांगतात. व्हर्जिनिया एकच असली तरी साक्षी दोन आहेत, आणि चव्वेचाळीस वर्षांत काय बदलले हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच कळते. अ‍ॅबिगेल स्कॉटचेही तसेच. 1852 ची रोजनिशी, तिच्यावर बेतलेली 1859 ची कादंबरी आणि 1905 ची दुसरी कादंबरी, असा एक प्रवास तिने तीनदा सांगितला. मधल्या काळात ती अ‍ॅबिगेल स्कॉट डनिवे या नावाने स्त्रियांच्या मताधिकाराची झुंजार कार्यकर्ती झाली होती. ओरेगॉनच्या स्त्रियांना 1912 मध्ये तो हक्क मिळाला. आईच्या मरणाचा अर्थ तिला सतराव्या वर्षी जसा लागला, त्याहून नंतर फार वेगळा लागला असणार.

तरी आठवणी बाजूला सारायच्या नाहीत. 1844 मध्ये कॅथरीन सेगर नऊ वर्षांची होती. चालत्या गाडीतून उतरताना कपडा कुऱ्हाडीच्या दांड्यात अडकून ती चाकाखाली गेली आणि तिचा पाय मोडला. पुढे काही आठवड्यांच्या अंतराने आई आणि वडील दोघेही वारले. सात पोरकी भावंडे, त्यांतली सर्वांत धाकटी वाटेवरच जन्मलेली, तांड्यातल्या माणसांनी सांभाळत व्हिटमन दांपत्याच्या ठाण्यापर्यंत नेली. कॅथरीनने हे 1860 च्या सुमारास लिहिले. ते लिहिले नसते तर या मुलांना तगवणाऱ्या शेजारधर्माची गोष्ट आपल्याला कळली नसती. सेरा रॉइस यांची पद्धत आणखी शहाणपणाची. 1849 मध्ये कॅलिफोर्नियाला गेलेल्या या बाईंनी तीसेक वर्षांनी, आपल्या तत्त्वज्ञ मुलासाठी, म्हणजे जोसाया रॉइससाठी, प्रवासाची हकीकत लिहिली ती तेव्हाची रोजनिशी समोर ठेवून. जुनी नोंद आणि पुढचे चिंतन असा दोन्हींचा मेळ तीत आहे.

अभ्यासकांनी काय मोजले

1979 हे या विषयातले कलाटणीचे वर्ष. जॉन अनरू या तरुण संशोधकाचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने निघाला. त्याने रोजनिशा आणि तत्कालीन वर्तमानपत्रे चाळून 1840 ते 1860 मधले बळी मोजले. आदिवासींच्या हातून 362 प्रवासी मेले, आणि प्रवाशांच्या हातून 426 आदिवासी. तीन लाखांच्या प्रवाहात हा आकडा किती लहान आहे! वाटेवरच्या एकूण मृत्यूंचे अंदाज चार ते सहा टक्क्यांच्या घरात जातात आणि त्यांतला मोठा वाटा रोगराईचा आहे. त्याखालोखाल येते नदीत बुडणे, चाकाखाली येणे आणि स्वतःच्याच बंदुकीचा अपघात. अनरूने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. नद्या पार करून देणारे, वाट दाखवणारे, सामन मासा आणि घोडे विकणारे आदिवासी रोजनिशांत जागोजाग आहेत. उत्तरकालीन आठवणींनी मदतीची ही बाजू पुसट केली आणि झुंजीची ठळक केली.

त्याच वर्षी जॉन मॅक फॅरागर यांनी स्त्री-पुरुषांच्या रोजनिशा समोरासमोर ठेवल्या, तर 1982 मध्ये लिलियन श्लिसल यांनी सुमारे शंभर स्त्रियांच्या लेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रवासात स्त्रियांच्या वाट्याला कष्ट आणि वियोगच अधिक आले, असा दोघांचा कल. सँड्रा मायर्स यांनी त्याला हरकत घेतली: उत्साहाने निघालेल्या, कर्तेपण गवसलेल्या स्त्रियाही कागदांत तितक्याच आहेत. केनेथ होम्स यांनी 1983 पासून अकरा खंडांत स्त्रियांची पत्रे आणि रोजनिशा मूळ शुद्धलेखनासह छापल्या आणि वाचकाला स्वतः पारखण्याची सोय झाली. मला मायर्स यांचा मुद्दा पटतो, पण गाडी पेटवून देणारी बाई विसरता येत नाही. तिने स्वतः काही लिहिलेले नाही, ती आपल्याला दुसरीच्या रोजनिशीत भेटते. नाखुषीने निघालेल्या किती जणींच्या हाती लेखणीच नव्हती, हे कोणत्याही सूचीतून मोजता येणार नाही.

ज्यांच्या हाती कागद नव्हता

बिडी मेसन या गुलाम स्त्रीने 1848 मध्ये मालकाच्या तांड्यामागे, तान्ही मुलगी आणि गुरे सांभाळत, पायी सारा प्रवास केला. पुढे 1856 मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयातून तिने स्वतःचे स्वातंत्र्य मिळवले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे तिची कथा न्यायालयाच्या कागदांतून आणि इतरांच्या तोंडून येते. अ‍ॅल्विन कॉफी 1849 मध्ये गुलाम म्हणूनच कॅलिफोर्नियाला गेला. तिथे त्याने कमावलेले पैसे मालकाने घेतले आणि त्याला मिसूरीला परत नेऊन विकले. पुढे तो पुन्हा पश्चिमेला आला आणि त्याने स्वकमाईने स्वतःला आणि कुटुंबाला सोडवले. 1901 मध्ये त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्या वाचल्यावर ‘स्वातंत्र्याच्या शोधात पश्चिमेकडे’ हे घोषवाक्य तोंडातून सहज निघत नाही.

आणि ही वाट ज्यांच्या भूमीतून गेली ते? नॉर्दर्न पायूट जमातीच्या सेरा विनेमका यांचे पुस्तक 1883 मध्ये बोस्टनला निघाले. त्यात त्यांच्या लहानपणीचा एक प्रसंग आहे. गोरे लोक येत आहेत आणि ते माणसे खातात, अशी बातमी पसरते. ही अफवा डॉनर तांड्याच्या हकीकतीशी जोडलेली. पळताना मुलांना उचलणे शक्य नसल्याने आई आणि मावशी दोन मुलींना गळ्यापर्यंत वाळूत पुरतात, चेहऱ्यांवर झुडपाची सावली करतात आणि रात्री येऊन त्यांना उकरून काढतात. हिवाळ्यासाठी साठवलेले धान्य गोऱ्यांनी जाळून टाकल्याचेही विनेमका सांगतात. हेही आठवणींचेच लेखन आहे, प्रसंगानंतर तीसहून अधिक वर्षांनी केलेले. त्याला तीच कसोटी लावावी. पण व्हर्जिनिया रीडच्या पत्राशेजारी ते ठेवले, की एकाच हिवाळ्याची भीती डोंगराच्या दोन्ही अंगांना कशी पसरली ते दिसते.

सेगर भावंडांच्या कथेलाही दुसरी बाजू आहे. या वाटेने आलेल्या गोवराने कायूस जमातीची सुमारे निम्मी माणसे गेली. नोव्हेंबर 1847 मध्ये कायूस पुरुषांनी व्हिटमन ठाण्यावर हल्ला केला. मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन आणि सेगर कुटुंबातले दोन मुलगे त्यात मारले गेले. 1850 मध्ये पाच कायूस पुरुषांना फाशी दिले. कॅथरीनच्या हातचे पान आपल्याकडे आहे. गोवराने मुले गमावलेल्या कायूस आयांच्या हातचे तेव्हाचे एकही पान नाही. त्यांच्या वंशजांनी मौखिक परंपरेत जपलेले कथन आता कुठे या इतिहासात मिळवले जात आहे.

आता कसे वाचावे

या साऱ्या लेखनातून ‘धाडसी पूर्वज’ किंवा ‘क्रूर आक्रमक’ यांपैकी एकच चित्र काढायचा मोह मोठा आहे आणि दोन्ही बाजूंनी तो अनेकांना झाला आहे. नाइटबाईंच्या ओल्या अंथरुणाबद्दल जीव हळहळावा आणि त्यांच्या नवऱ्याने घेतलेली जमीन त्याआधी कोणाची होती हेही विचारावे. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. नवा वाचक सुरुवात करणार असेल, तर त्याने आठवणींच्या आधी रोजनिशा घ्याव्यात, त्याही संपादकाची कात्री न लागलेल्या. मग त्याच वर्षाच्या, त्याच घाटाच्या दोन-तीन नोंदी शेजारी ठेवाव्यात आणि शेवटी विनेमका आणि कॉफी वाचावेत. या क्रमाने वाचले तर सिनेमातल्या रिंगणाची जागा पटकी, नदी, गोवर, जमिनीचा कायदा आणि अनोळखी पोरांना पोटाशी धरणारे शेजारी घेतात. इतिहास म्हणून हे चित्र अधिक खरे आहे, आणि माणूस म्हणून आपल्याकडून अधिक मागणारेही.